लहान मुलांचा चांगला फुटबॉल कोच ओळखायचा कसा?

बिनखांबी (धागालेखक)

गेल्या हंगामात एका शनिवारी मी मुलाच्या सरावाच्या वेळी मैदानाच्या कडेला बसून वहीच्या शेवटच्या पानावर रेघा ओढत होतो. त्याचा पाय चेंडूला लागला की एक रेघ, असा माझा हिशेब होता. मुलगा दहा वर्षांचा, सराव सव्वा तासाचा, मुले चोवीस. चेंडू दहा होते, पण त्यांतले आठ जाळीतच राहिले. आधी मैदानाला चार फेऱ्या, मग ताणाचे व्यायाम, मग दोन रांगा. रांगेतल्या पहिल्या मुलाने जमिनीवर मांडलेल्या शंकूंमधून चेंडू नेऊन गोलवर मारायचा आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहायचे. शेवटची वीस मिनिटे पूर्ण मैदानावर बारा विरुद्ध बारा असा सामना झाला, त्यात तीन-चार दांडगी मुले चेंडूमागे धावली आणि बाकीची त्यांच्यामागे. सराव संपला तेव्हा माझ्या पानावर सत्तावीस रेघा होत्या.

घरी येताना मुलाने सहज सांगितले, ‘‘आज रांगेत माझ्या पुढच्याशी गप्पा मारल्या, मजा आली.’’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला जास्त लागले.

आम्ही कोल्हापूरचे. इथे फुटबॉल तालमींमधून, पेठांमधून वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावे आमच्याकडे लहान मूल पाढ्यांच्या आधी शिकते. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की दुकानांतली माणसेसुद्धा घड्याळाकडे पाहू लागतात. आपल्या गावचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघातून दिल्लीच्या मैदानावर उतरला, तेव्हापासून तर प्रत्येक आईबापांच्या मनात एक कोपरा त्या स्वप्नासाठी राखलेला आहे. अशा गावात मुलांना शिकवायला माणसे कमी पडत नाहीत. पेठेच्या संघातून दहा-बारा वर्षे खेळलेला खेळाडू गुडघा दुखावल्यावर पोरांना शिकवू लागतो आणि पुष्कळदा तो पदरमोड करून शिकवतो. या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. प्रश्न असा आहे की मोठ्यांचा खेळ खेळता येणे आणि लहानांना शिकवता येणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाची पारख कशी करायची हे आम्हा पालकांना कुणी सांगितलेले नाही.

त्याच मैदानावरचा एक सामना सांगतो. माझा मुलगा डिफेन्समध्ये खेळत होता. त्याने गोलकीपरकडे मागे पास दिला, तो कमी पडला, समोरच्या मुलाने पळत येऊन गोल केला. सरांनी बाहेरून ओरडून विचारले, ‘‘डोकं घरी ठेवून आलास काय रे?’’ आणि तिथल्या तिथे त्याला बाहेर काढले. त्यानंतर दोन महिने त्याने एकही पास मागे दिला नाही. चेंडू पायाशी आला की डोळे मिटून लांब फटका. बाहेर उभ्या असलेल्या लोकांना ते सुरक्षित वाटायचे, सरांनाही वाटायचे, आणि माझ्या मुलाचे फुटबॉलमधले शिक्षण त्या दिवशी थांबले होते.

नंतर आम्ही दुसऱ्या ठिकाणी गेलो. हे सर तिशीतले, आवाज बेताचा. तिथेही तशीच चूक झाली, कारण चुका काही मैदान बदलून सुटत नाहीत. सर गप्प राहिले. खेळ चालू राहिला. पाणी प्यायला मुले आली तेव्हा त्यांनी त्याला बाजूला घेतले, जमिनीवर दोन बाटल्या आणि स्वतःची चप्पल मांडली आणि विचारले, ‘‘पास मारायच्या आधी तुला कोण कोण दिसलं होतं?’’ मुलगा विचार करून म्हणाला, ‘‘कोणीच नाही, मी चेंडूकडं बघत होतो.’’ सर म्हणाले, ‘‘मग पास चुकलेला नाही. बघायचं राहिलं. आता चेंडू यायच्या आधी एकदा मान वळवून बघ, आणि पुन्हा मागंच पास दे.’’ एवढे सगळे अर्ध्या मिनिटात झाले. पुढच्या दहा मिनिटांत मुलाने तीन वेळा मागे पास दिला. तिसऱ्या वेळी त्याने आधी मान वळवली, ते मला लांबून दिसले.

त्या सरांच्या सरावातही मी रेघा ओढल्या. चार विरुद्ध चारचे लहान डाव एकाच वेळी तीन ठिकाणी चालू होते. चाळीस मिनिटांनी पान भरले तेव्हा आकडा एकशे चाळीसच्या पुढे गेला होता, आणि मग मी वही मिटून खेळ पाहिला.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की लहान मुलांचा कोच त्याच्या संघाच्या निकालावरून पारखू नये. संघातल्या सर्वांत कच्च्या मुलाला तासाभरात चेंडू किती मिळतो, आणि चूक झाल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात त्या मुलाच्या वाट्याला काय येते, यावरून तो पारखावा. इथे खेळाडू, शिक्षक, डॉक्टर, पालक असे सगळे आहेत. तुम्हांला काय वाटते ते अनुभवासह लिहावे, अशी विनंती आहे.

खडूफळा

मी चौदा वर्षे शाळेत क्रीडाशिक्षक आहे आणि फुटबॉलचा संघ माझ्याकडे असतो. बिनखांबी, तुमच्या रेघांचे पान मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवले.

रांगा का लागतात, ते आतून सांगतो. चाळीस मुले, एक शिक्षक आणि अर्धे मैदान, कारण उरलेल्या अर्ध्यात क्रिकेट चालू असते. रांग लावली की मुले डोळ्यांसमोर राहतात, कुणी पडले-झडले तर कळते आणि मुख्याध्यापक येऊन पाहतात तेव्हा शिस्त दिसते. लहान डाव लावले की बाहेरून गोंधळ दिसतो. हा गोंधळ उपयोगाचा आहे हे मला उमजायला पाच वर्षे लागली, आणि वरिष्ठांना पटवायला आणखी दोन.

दुसरी गोष्ट चेंडूची. शाळेची खरेदी एकदाच होते आणि ती मोठ्या मुलांच्या संघासाठी होते, म्हणून सगळे चेंडू पाच नंबरचे येतात. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा आणि ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा, तो मोठ्या माणसांसाठी आहे. आठ ते बारा वयाला चार नंबर आणि त्याहून लहानांना तीन नंबर हवा. नऊ वर्षांचे पोर पाच नंबरच्या चेंडूला जोर लावून मारायच्या नादात पायाचे बोट पुढे काढते, शरीर मागे झुकवते, आणि ती खोड पुढे चार वर्षे जात नाही. एखाद्या नव्या ठिकाणी मूल घालायचे असेल तर आधी जाळीतल्या चेंडूंवरचा नंबर वाचावा. मुलांचा विचार तिथे किती झाला आहे हे तेवढ्यावरून बरेचसे कळते.

लायसन्सबद्दल पालक नेहमी विचारतात. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची डी, सी, बी, ए आणि प्रो अशी चढती लायसन्से आहेत, आणि अगदी लहान मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी त्याखाली प्राथमिक अभ्यासक्रमही आहे. मी डी केले तेव्हा माझे डोळे उघडले, कारण तोवर मी मला जसे शिकवले गेले तसेच शिकवत होतो. एक सराव आखायचा कसा, एका वेळी एकच गोष्ट शिकवायची कशी, थांबवायचे केव्हा आणि खेळू द्यायचे केव्हा, हे तिथे शिकता येते. म्हणून लायसन्स आहे का, हे अवश्य विचारावे. पण माणूस मुलांच्या उंचीवर खाली वाकून बोलतो की वरून बोलतो, हे त्या कागदावर छापलेले नसते. ते मैदानावर जाऊनच पाहावे लागते.

आणि मुलांना रांगेऐवजी खेळातून शिकवणे हे नवे फॅड आहे असे कुणी म्हणेल, तर त्यांच्यासाठी एक नाव. सय्यद अब्दुल रहीम १९५० पासून १९६३ पर्यंत भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतली सुवर्णपदके आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधले चौथे स्थान त्यांच्याच काळातले. पेशाने ते शाळामास्तर. हैदराबादेत त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या, ज्यांत फक्त कच्च्या, म्हणजे कमी सवयीच्या पायाने खेळायचे, किंवा ज्यांत ड्रिबलिंगला, म्हणजे चेंडू पायाशी खेळवत नेण्याला बंदी. उपदेश करण्याऐवजी खेळाचा नियमच असा बदलायचा की हवे ते कौशल्य मुलाला वापरावेच लागेल. मी दर गुरुवारी आमच्या मुलांना वीस मिनिटे डाव्या पायाने खेळवतो, ते त्यांच्याकडूनच घेतले आहे.

जुनी_पेठ

मी सत्तरच्या दशकात पेठेच्या संघातून खेळलो आहे आणि मला या धाग्यातले निम्मे पटते.

आम्हांला ओरडून शिकवले, प्रसंगी मारूनही शिकवले, आणि आम्ही खेळाडू झालो. दहा वर्षांच्या पोराला हार-जीत कळत नाही असे ज्याला वाटते त्याने गल्लीतल्या पोरांचा डाव पाहिलेला नाही. पोरे गोल मोजतात, रात्री जेवताना मोजतात, झोपेत मोजतात. निकाल बाजूला ठेवा म्हणणे म्हणजे त्यांचा खेळच काढून घेणे होय. आणि पुढे ज्याला शाहू स्टेडियमवर हजारोंच्या शिव्या ऐकत पेनल्टी मारायची आहे, त्याला लहानपणी थोडा धाक सोसायची सवय नको का?

मात्र माझ्या कोचची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी तेरा वर्षांचा असताना वडील आजारी पडले आणि मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात हाताखाली कामाला लागलो. मैदान सुटले. आठ दिवसांनी कोच सायकलवरून घरी आले. आईशी बोलले, कारखान्याच्या मालकाशी बोलले आणि माझी पाळी अशी लावून घेतली की संध्याकाळी पाच ते सात मी मोकळा असेन. त्यांनी मला कुठला पास शिकवला ते आज आठवत नाही. सायकल दारात टेकवून ते आत आले तेव्हा त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांना लाल माती लागलेली होती, हे आठवते. चांगल्या कोचला आपल्या प्रत्येक पोराचे घर माहीत असते, असे माझे मत आहे. आजच्या किती कोचना आपल्या पोरांची घरे माहीत आहेत?

बिनखांबी

जुनी_पेठ, तुमच्या सायकलवाल्या सरांपुढे मी हात जोडतो. त्या एका गोष्टीसाठी हा धागा काढल्याचे सार्थक झाले.

धाकाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तुमच्या पिढीने कोचसमोर जाण्याआधी गल्लीत, बोळात, देवळामागे रबरी चेंडूने रोज दोन-दोन तास खेळ केला होता. तिथे ओरडणारे कुणी नव्हते. पाय तिथे घडले, कोचच्या हाती तयार कच्चा माल आला आणि त्याच्या ओरडण्याने फार नुकसान झाले नाही. माझ्या मुलाच्या गल्लीत आज दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. आठवड्यातले तीन सराव हाच त्याचा सगळा फुटबॉल. गल्लीने दिलेले मोकळेपण आता कोचनेच द्यायचे आहे, दुसरे कुणी ते देऊ शकत नाही.

ऱ्हाईनकाठ

मी मूळचा सांगलीचा, अकरा वर्षांपासून जर्मनीत राहतो. माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि गावच्या क्लबात खेळते. जुनी_पेठ यांनी हार-जीतीचा मुद्दा काढला, त्यावर इथला अनुभव लिहितो.

जर्मन महासंघाने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांसाठी नवे खेळप्रकार देशभर लागू केले. सहा-सात वर्षांची मुले दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन खेळतात, तेही चार छोट्या गोलांवर आणि गोलकीपरशिवाय. आठ-नऊ वर्षांच्यांना तीन किंवा पाच जणांचे संघ, दहा-अकराच्यांना पाच किंवा सात. सगळ्यांत लहान गटांत हंगामाचा गुणतक्ता नसतो. यावर इथेही मोठा वाद झाला. मोठमोठ्या माणसांनी म्हटले की मुलांना जिंकणे विसरायला लावता आहात.

मैदानावर मात्र वेगळेच दिसते. रविवारी सहा-सात छोटी मैदाने शेजारी शेजारी आखलेली असतात आणि दहा-दहा मिनिटांचे डाव होतात. जिंकलेला संघ एक मैदान वर सरकतो, हरलेला एक मैदान खाली. म्हणजे मुले गोल मोजतात, जिंकायला धडपडतात, आणि दोन डावांत आपल्या तोडीच्या मुलांसमोर येऊन पोहोचतात. चौदा-शून्य असा निकाल लागत नाही. गोल झाला की ठरलेल्या क्रमाने दोन्ही बाजूंचा एकेक खेळाडू बदलतो, त्यामुळे कोचला एखाद्या मुलाला बसवून ठेवता येत नाही. माझी मुलगी हळू धावते. जुन्या पद्धतीत ती बेंचवर बसली असती हे मला पक्के ठाऊक आहे. गेल्या महिन्यात ती खालच्या मैदानावरून वर सरकली तेव्हा तिने मला मैदानाचा आकडा बोटांवर करून दाखवला.

तेव्हा मुलांकडून जिंकणे काढून घेण्याचा प्रश्नच नाही. आपल्या पोरांच्या गुणतक्त्यात मोठ्या माणसांचा जो मान-अपमान गुंतलेला असतो तेवढा बाजूला काढायचा आहे.

निर्गुडी

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या दहा ते चौदा वर्षांच्या फुटबॉलपटूंमध्ये टाचदुखीची आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या दुखण्याची मुले पुष्कळ असतात. टाचदुखीचे कारण पुष्कळदा सीव्हर्स नावाचा आणि वाटीखालच्या दुखण्याचे ऑसगुड-श्लॅटर नावाचा वाढीच्या वयातला विकार असतो. हाड झपाट्याने वाढत असते, स्नायू आणि स्नायुबंध त्या वेगाने लांबत नाहीत, आणि ते जिथे हाडाला जोडलेले असतात तिथे कोवळ्या भागावर ताण येतो. विश्रांती आणि खेळाचे प्रमाण कमी केल्याने बहुतेकांचे दुखणे बरे होते. पण माझ्याकडे येणारी मुले सांगतात की सरांनी ‘नाटक करू नको’ म्हणून आणखी तीन आठवडे पळवले.

चांगला कोच डॉक्टर नसतो, पण लंगडणारे मूल त्याला दिसते. तो विचारतो, ‘‘या आठवड्यात शाळेचा सामना होता का? क्लासच्या संघाकडूनही खेळलास का?’’ एकच मुलगा शाळा, अकॅडमी आणि गल्लीची स्पर्धा अशा तीन ठिकाणी खेळतो, आणि तिन्ही ठिकाणच्या सरांना वाटते की तो फक्त आपल्याकडेच खेळतो. मुलाच्या आठवड्याच्या आखीव सरावाचे तास त्याच्या वयाच्या वर्षांपेक्षा जास्त होऊ नयेत, असा एक सोपा आडाखा आम्ही वापरतो. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास पुरे.

वॉर्म-अपच्या नावाखाली मैदानाला फेऱ्या मारायला लावणे आता सोडून द्यायला हवे. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ हा वीस मिनिटांचा कार्यक्रम फुकट उपलब्ध आहे, लहानांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे, आणि त्यात तोल, उडी मारून नीट उतरणे, पडताना स्वतःला सावरणे असे व्यायाम आहेत. नियमित केल्यास दुखापती कमी होतात हे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

शेवटचा मुद्दा हेडिंगचा, म्हणजे डोक्याने चेंडू मारण्याचा. स्कॉटलंडमधल्या माजी व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीन पट आढळले. त्यानंतर २०२० मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवू नये असे सांगितले. अमेरिकेने २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केले होते. आपल्याकडे आजही सात-आठ वर्षांच्या मुलांना रांगेत उभे करून हाताने उडवलेला चेंडू डोक्याने मारायला लावणारे सराव मी पाहते. डोक्याला डोके आपटले आणि मूल क्षणभर गांगरले, तर त्या दिवशी ते पुन्हा मैदानात जाता कामा नये, मग अंतिम सामना असो वा आणखी काही. यात तडजोड करणाऱ्या माणसाच्या हाती मूल देऊ नये, असे मी पालकांना स्पष्ट सांगते.

वैनगंगा

इथे आतापर्यंत बहुतेकांनी मुलग्यांबद्दल लिहिले, म्हणून मी मुलीची आई म्हणून लिहिते. आम्ही नागपूरचे. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये इथे झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला. पावसात एक तुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहून त्यांनी त्यांना चेंडू दिला, ही गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. निवड चाचणी न घेता जे येईल त्या मुलाला खेळवायचे, हे मला त्या कामातले सर्वांत मोलाचे वाटते.

माझी मुलगी नवव्या वर्षापासून मुलग्यांच्या बरोबरीने खेळली आणि तेराव्या वर्षी तिने खेळ सोडला. कारण विचारले तर सांगेना. दोन महिन्यांनी कळले की मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते आणि पाळीच्या दिवसांत ती घरून निघताना पाणीसुद्धा पीत नव्हती. त्यातच तिथल्या सरांनी एकदा सगळ्यांसमोर तिच्या वजनावर शेरा मारला होता. त्यांना तो बहुधा त्याच संध्याकाळी विसरायला झाला असेल. तिला अजून आठवतो.

आता ती पुन्हा खेळते. नव्या ठिकाणी एक ताई सहायक कोच आहेत. पहिल्याच दिवशी पालकांना बोलावून काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या गेल्या. कोच कोणत्याही मुलीला वा मुलाला एकट्याने फोन किंवा मेसेज करणार नाहीत, सगळे निरोप पालकांच्या ग्रुपवर येतील. सामन्याला बाहेरगावी जाताना दोन मोठी माणसे असतील, त्यांतली एक स्त्री असेल. पाय मुरगळला तर तो सगळ्यांसमोर तपासला जाईल. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा त्यांनी सोप्या भाषेत समजावून सांगितला. काही वडील अवघडले, पण मला त्या पाच मिनिटांत त्या जागेबद्दल जो विश्वास वाटला, तो भिंतीवरच्या ढालींनी कधी वाटला नव्हता. मुलांचा कोच निवडताना हे सगळे निःसंकोचपणे विचारावे, आणि विचारल्यावर जो माणूस रागावतो त्याच्याकडे मूल पाठवू नये.

डाव्या_पायाचा

माझा जन्म नोव्हेंबरचा. तेराव्या वर्षी एका निवड चाचणीला गेलो, तिथे दीडशे मुले होती. आम्हांला वीस मिनिटे खेळवले आणि उंच, भरलेली मुले निवडली. मला ‘पुढच्या वर्षी ये’ असे सांगितले गेले.

वयोगटाची सीमा १ जानेवारीला असते, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. दहाव्या-अकराव्या वर्षी जवळजवळ एका वर्षाचा फरक म्हणजे बराच मोठा फरक. १९८० च्या दशकात कॅनडातल्या आइस हॉकीत हे प्रथम ठळकपणे दाखवले गेले, आणि फुटबॉलमध्ये देशोदेशी तेच आढळले आहे की निवडलेल्या मुलांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुले जास्त असतात. आपल्याकडे त्यात वय चोरण्याची भर पडते. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय पाहण्याची चाचणी महासंघ करतो ती त्यासाठीच, पण गावपातळीवरच्या स्पर्धांत ती कोण करणार?

मला सोळाव्या वर्षी एक कोच भेटले. त्यांच्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे जन्माचा महिना लिहिलेला असे आणि दर तीन महिन्यांनी ते दाराच्या चौकटीशी उभे करून उंची मोजत. कुणाची उंची भराभर वाढू लागली आणि त्याचे पाय अडखळू लागले, की ते म्हणत, ‘‘याला आता सहा महिने काही बोलायचं नाही, याचे पाय नवे आहेत.’’ लहान चणीच्या मुलांना ते मुद्दाम धाकट्या गटाबरोबर काही डाव खेळवत, म्हणजे त्यांच्या पायांत चेंडू राही. मी जिल्ह्याच्या पुढे गेलो नाही, पण आज बेचाळिसाव्या वर्षी दर रविवारी खेळतो, ते त्या माणसामुळे.

खडूफळा

डाव्या_पायाचा, तुमच्या कोचची उंची मोजण्याची कल्पना उद्यापासून अमलात आणतो. शाळेच्या हजेरीपटात जन्मतारखा असतातच, इतकी वर्षे मी त्या केवळ स्पर्धेचे अर्ज भरायला वापरल्या.

वैनगंगाताई, आमच्या मैदानावरचे मुलींचे स्वच्छतागृह कुलूप लावून ठेवलेले असते आणि किल्ली शिपायाकडे असते. सरावाच्या वेळी शिपाई घरी गेलेला असतो. हे माझ्या आजवर ध्यानात आले नव्हते. किल्लीची एक प्रत उद्याच करून घेतो.

जुनी_पेठ

ऱ्हाईनकाठ यांनी लिहिलेली वर-खाली सरकण्याची पद्धत मी नातवांना चौकात खेळवून पाहिली. दोनच मैदाने आखली, विटांचे गोल. पोरे अंधार पडेपर्यंत हलली नाहीत. हरलेला संघ खाली गेला की तिथे जिंकून परत वर यायची त्यांची घाई मी पाहिली. तेवढ्यापुरते माझे म्हणणे मी मागे घेतो. कोचने घर ओळखावे हे मात्र मागे घेत नाही.

बिनखांबी

ते मागे घेऊ नकाच. उलट मी ते आमच्या सरांना सांगितले. त्यांच्याकडे एक मुलगा तीन आठवडे येत नव्हता. परवा सर त्याच्या घरी जाऊन आले. त्याचे बूट फाटले होते आणि तो घरात बोलला नव्हता. पालकांच्या ग्रुपवर नाव न घेता विचारले, तर लहान झालेले बुटांचे चार जोड एका दिवसात जमा झाले. आता ती पेटी मैदानावरच असते आणि ज्याला जो बसेल तो जोड तो घेतो, कुणी कुणाला विचारत नाही.

जुनी_पेठ, येत्या शनिवारी संध्याकाळी साडेचारला सरावाला याल का? सरांना सोबत्याला भिंतीसारखे वापरून चेंडू लगेच परत घ्यायचा तो जुना एक-दोनचा पास मुलांना दाखवायचा आहे, आणि तो तुमच्या पिढीइतका सफाईने खेळणारे आता थोडेच उरले आहेत. गांधी मैदानात पाणी साचलेले असले तर शेजारच्या शाळेच्या पटांगणात जमू.

जुनी_पेठ

येतो. गुडघा साथ देईल तेवढे दाखवतो. घरी नातवांचे चार नंबरचे दोन चेंडू आहेत ते घेऊन येतो, हवा मात्र तिथे भरून घ्यावी लागेल, आमच्या पंपाची पिन मोडली आहे.